मावशीच्या भिंतीवरची नदी

अशदोदला आमच्या मावशीच्या स्वयंपाकघरात दोन तसबिरी होत्या. पैकी एक एलियाहू हन्नाबीची. अग्निरथातून स्वर्गास जाणाऱ्या हन्नाबीची ही तसबीर आपल्यातील बहुतेक घरांतून असते, तेव्हा तिचे वर्णन करीत नाही. दुसरी मात्र आम्ही अन्य कोणाच्या घरी पाहिली नाही. एका मोठ्या शहरातून वाहणारी नदी, तिच्यावरून तिरपा गेलेला लोखंडी पूल, पुलावर माणसांची व गाड्यांची दाटी, पाण्यात धूर सोडणाऱ्या आगबोटी आणि पलीकडच्या तीरावर कारखान्यांची धुराडी. आकाश पावसाळी. फोडणीच्या धुराने आणि तेलाच्या वाफेने काच इतकी पिवळट झाली होती की नदीचे पाणी हळद कालवल्यासारखे दिसे.

आम्ही दोघी बहिणी १९९५ साली मुंबईहून इस्रायलला आलो आणि पहिले वर्ष मावशीकडेच राहिलो. पहाटे चहाचे आधण ठेवले की ती हाक मारी, "अगो, उठा, रेवसची बोट सुटली!" आणि तसबिरीतल्या धुराकडे बोट दाखवी. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि तेथून अलिबागकडे आजोळी जाण्याचा तिचा परिपाठ होता. ती तसबीर म्हणजे तिच्या लेखी भाऊचा धक्काच.

आमच्यापैकी थोरली अध्यापन पदविका घेऊन आलेली, तेव्हा चूक दिसली की दुरुस्त करण्याची सवय जडलेली. तिने एकदा सांगून पाहिले, "मावशी, भाऊच्या धक्क्याला नदी नाही, पूल तर नाहीच नाही. हे युरोपातले कुठलेसे शहर आहे." मावशीने पोळी उलटली आणि म्हणाली, "असेल. पाऊस तर आपलाच आहे ना?"

यावर उत्तर नव्हते. ज्या देशात एप्रिल सरला की ऑक्टोबरपर्यंत आभाळाकडे पाहण्याचे कारण उरत नाही, तेथे कोकणातल्या बाईने भिंतीवर बारमाही पाऊस टांगून ठेवला होता. त्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत असे.

तसबीर आली कोठून, हे आम्ही विचारले तेव्हा मावशीने प्रथम टाळले. पुढे एका शब्बाथच्या दुपारी, काका निजले असताना, तिने सांगितले.

मावशी १९५९ साली थोरल्या भावाबरोबर इस्रायलला आली. काका त्याआधी दोन वर्षे आलेले, हैफाच्या बंदरात मालाच्या चढउतारीवर कामाला होते. १९६२ साली दोघांनी लग्न ठरवले. त्याच वर्षी विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या होत्या की बेने इस्राएलांपैकी कोणी आल्यास त्यांच्या आईची, आजीची आणि त्यामागे जितके जाता येईल तितकी कुळाची चौकशी करावी. ही हकिकत या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्यांनी ती भोगली त्यांच्यापैकी काही आजही आपल्यात आहेत. मावशी आणि काका ज्या कचेरीत गेले तेथे त्यांना पणजीच्या लग्नाचा पुरावा मागण्यात आला. अलिबाग तालुक्यातील खेड्यात ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाचा केतुबा हैफात कोठून आणावा? मग सुचवण्यात आले की विधिपूर्वक स्नान करून टाका, म्हणजे शंका राहणार नाही. मावशीने साफ नाकारले. "जे मी जन्माची आहे ते होण्यासाठी पाण्यात बुडी कशाला मारू?" हे ती आम्हांला सांगत होती तेव्हा तिचे वय पंचावन्नच्या पुढे होते, आणि तरी आवाज चढला. काकांची झोप मोडेल म्हणून आम्हीच तिला हळू बोल म्हणालो.

दोघे थांबले. त्या थांबण्याच्या काळात बंदरातल्या एका कचेरीने टाकून दिलेल्या १९६३ च्या भिंतीवरील कॅलेंडराचे एक पान काकांनी गुंडाळी करून मावशीला आणून दिले. "घर होईल तेव्हा होईल. तोवर बघण्यासारखे काही तरी असू दे," एवढेच ते म्हणाले. मावशी भावाच्या घरी एका खोलीत राहात होती. तिने एका फुटक्या आरशाची चौकट रिकामी केली आणि पान त्यात बसवले. पान लांबीला जास्त होते, म्हणून खालची छापील पट्टी कात्रीने कापली. त्या पट्टीवर काय लिहिले होते, हे तिने वाचले नव्हते. लिपी परकी होती.

१९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलेमला आपल्या लोकांनी धरणे धरले. मावशी त्यात चार दिवस बसली होती. लेवी एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, आणि नंतर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले. सुक्कोथचा सण उलटल्यावर मावशीचे लग्न झाले. १९६५ च्या अखेरीस अशदोदचे नवे बंदर सुरू झाले आणि पुढच्या वर्षी काका तेथे बदलून गेले. सोबत दोन पेट्या, एक शेगडी आणि ही तसबीर.

काका २००८ साली वारले, मावशी २०१४ साली. शोकाचे सात दिवस संपल्यावर घर रिकामे करून द्यायचे होते. धाकटी, जी एव्हाना टोरोंटोला स्थायिक झाली होती, ती आली होती. आम्ही किद्दुशचा चांदीचा पेला ठेवून घेतला, चार नऊवारी लुगडी ठेवली, केतुबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. एलियाहू हन्नाबीची तसबीर शेजारणीने मागून नेली. नदीच्या तसबिरीची काच तडकली होती, चौकटीला भुंगा लागला होता, कागद तेलाने पारदर्शक झाला होता. ती खाली कचऱ्याच्या पेटीशेजारी भिंतीला टेकवून आलो. कोणी विचारले असते तर आम्ही म्हणालो असतो की जुने कॅलेंडर होते.

२०१९ च्या पेसाहच्या सुट्टीत थोरली टोरोंटोला धाकटीकडे गेली. तेथील ऑन्टारिओ कलासंग्रहालयात त्या सुमारास दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे, म्हणजे ज्यांना जग इम्प्रेशनिस्ट म्हणते त्यांचे, मोठे प्रदर्शन भरले होते. विषय होता कारखाने, आगगाड्या, बंदरे आणि मजूर. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता, आणि खरे सांगायचे तर आम्ही ऊब मिळावी म्हणून आत गेलो. दोन दालने पाहून झाली होती. तिसऱ्यात धाकटी एकाएकी थांबली आणि मराठीत म्हणाली, "रेवसची बोट."

काच नव्हती, हळद नव्हती. तोच पूल, तीच धुराडी, आणि धूर सुटलेल्या त्याच बोटी. शेजारच्या पाटीवर लिहिले होते: कामीय पिसारो, रूआं येथील ब्वाल्द्यू पूल, ओली हवा, १८९६.

मावशीने कात्रीने कापले होते ते हे.

चित्र ७४ बाय ९१ सेंटिमीटरचे आहे. हात थोडे पसरले तर दोन्ही कडा हाती याव्यात एवढेच. जवळ गेले की पुलावरची माणसे नाहीशी होतात, उरतात ते कुंचल्याचे आखूड फटकारे, कोठे करडा, कोठे निळसर, कोठे मातकट. सहा पावले मागे या, की तोच फटकारा टोपी घातलेला माणूस होतो, दुसरा घोडा होतो, तिसरा हातगाडी. थोरलीने तेथल्या तेथे पाठ घेतल्यासारखे धाकटीला पुढे-मागे चालवले. आम्हांला सर्वांत नवल वाटले ते धुराचे. छापील पानात तो काळा होता. मूळ चित्रात पाहावे तर काळा असा तो नाहीच. निळा, जांभळट, किंचित गुलाबी असे रंग एकमेकांत मुरून धूर झाला आहे. दृक्प्रत्ययवादी चित्रकार काळा रंग शक्य तो टाळीत, कारण उजेडात खरोखरीचे काळे क्वचितच दिसते. आणि ओल तरी कशी रंगवली आहे? पावसाची एक रेघही ओढलेली नाही. वस्तूंच्या कडा तेवढ्या विरघळू दिल्या आहेत. नदी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. श्रावणात रेवसच्या खाडीवर असेच होते, हे त्या खाडीवर उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल. मावशी चुकली नव्हती.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या किंवा तत्सम तेलात घोटून केलेला रंग. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेव्हा तैलचित्रावर आपला काही वंशपरंपरागत हक्क असलाच पाहिजे, असे धाकटी म्हणाली, आणि आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की पहारेकरी वळून पाहू लागला.

रूआं हे सेन नदीवरचे जुने शहर आणि मोठे बंदर. पॅरिसच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूस आहे. तेथील कॅथीड्रल जगप्रसिद्ध आहे आणि क्लोद मोने याने त्याची चित्रमालिका केली होती. ती १८९५ साली पॅरिसला प्रदर्शित झाली तेव्हा पिसारोने तिची मनापासून वाखाणणी केली. पण पुढच्या वर्षी स्वतः रूआंला गेला तेव्हा त्याने चित्रासाठी निवडला तो नवा लोखंडी पूल आणि कारखान्यांचा तीर. मार्गदर्शक पुस्तके ज्याकडे पाठ फिरवतात तेच त्याला व्हेनिसइतके सुंदर वाटले, आणि तसे त्याने आपल्या मुलाला, ल्यूसिएनला, लिहून कळवले. तो जानेवारी ते मार्च १८९६ तेथे होता. नदीकाठच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेऊन तिच्या खिडकीतून ही चित्रे रंगवली. हौस म्हणून नव्हे. त्याच्या उजव्या डोळ्याला अश्रुपिशवीचा जुनाट विकार होता. वारा व धूळ लागली की डोळा सुजे, शस्त्रक्रिया करावी लागे. ज्याने उभे आयुष्य शेताच्या बांधावर उभे राहून चित्रे काढली त्याला पासष्टाव्या वर्षी काचेआड बसावे लागले. शहरांची आणि नद्यांची त्याची उत्तम चित्रे या सक्तीतून झाली आहेत.

पिसारो यहुदी होता, एवढे थोरलीला पूर्वी वाचून माहीत होते. टोरोंटोहून परतल्यावर तिने ग्रंथालयातून त्याची चरित्रे आणली, आणि एका रात्री धाकटीला फोन केला. तिकडे दुपार होती.

पिसारोचा जन्म १० जुलै १८३० रोजी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर झाला. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथील यहुदी मंडळी १७९६ साली स्थापन झालेली. मुंबईची आपली शाआर हारहामीम, जुनी मशीद, हीही १७९६ चीच. वडील फ्रेदेरिक बोर्दोहून मामाच्या इस्टेटीची व्यवस्था पाहण्यासाठी बेटावर आले आणि मामाच्या विधवेच्या, राशेलच्या, प्रेमात पडले. १८२६ साली त्यांनी लग्न केले. नाते निषिद्ध म्हणून सिनेगॉगच्या वडीलधाऱ्यांनी ते मान्य केले नाही. मान्यता मिळाली ती १८३३ साली. म्हणजे मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या आईबापांचे लग्न त्यांच्या स्वतःच्या समाजाच्या लेखी झालेलेच नव्हते.

फोनवर धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि आपण ते कचऱ्यात टाकले."

येथे शिक्षकी पेशाला स्मरून एक खुलासा केला पाहिजे. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. पिसारोच्या आईबापांच्या यहुदीपणाविषयी कोणाला शंका नव्हती, प्रश्न नात्याचा होता. धर्मशास्त्राकडे पाहता त्या वडीलधाऱ्यांची बाजू लंगडी होती असेही म्हणता येणार नाही. मावशीच्या बाबतीत नाते निर्मळ होते, शंका होती ती सबंध समाजाच्या कुळाविषयी. आम्ही या योगायोगात ईश्वरी संकेत शोधीत नाही. परंतु दोन वर्षे ज्या बाईला लग्नाची मान्यता मिळत नव्हती, तिने त्या दोन वर्षांत ज्या चित्राकडे पाहून दिवस काढले, त्या चित्रकाराच्या आईने अशीच सात वर्षे काढली होती, हे कळल्यावर स्वस्थ बसवत नाही. मावशीला हे सांगता आले असते तर ती काय म्हणाली असती, याविषयी आम्हा दोघींचे एकमत नाही. थोरलीला वाटते ती रडली असती. धाकटी म्हणते, तिने "मग नंतर मिळाली ना मान्यता?" एवढे विचारून कणीक मळायला घेतली असती.

ही हकिकत आमच्या सिनेगॉगमध्ये किद्दुशनंतर आम्ही सांगितली, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली. हा मनुष्य शब्बाथ पाळत होता काय? नव्हता. त्याची बायको यहुदी होती काय? नव्हती. ज्यूली व्हेले ही त्याच्या आईच्या घरी कामाला होती, ख्रिस्ती होती. आईला हे लग्न पसंत नव्हते. ते १८७१ साली लंडनजवळ झाले, तेही सरकारी नोंदणीने. मग असल्या माणसाचे कौतुक आपण का करावे, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे तोडून टाकण्याजोगे नाही. पण आम्ही पिसारोला सेफेरपाशी बोलावण्याची विनंती केलेली नव्हती. आम्ही फक्त एका चित्राविषयी बोलत होतो. शिवाय ज्या फ्रान्समध्ये तो राहात होता त्या फ्रान्सने त्याच्याकडे शब्बाथची चौकशी केली नाही.

कॅप्टन ड्रेफ्यूस त्या वेळी देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली सैतान बेटावर कैदेत होता. १८९६ च्या ज्या फेब्रुवारीत पिसारो रूआंच्या खिडकीशी बसला होता, त्याच फेब्रुवारीत व्हिएन्नात थिओडोर हर्झल यांचे यहुदी राष्ट्राविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जानेवारी १८९८ मध्ये एमिल झोलाने ड्रेफ्यूसच्या बाजूने आपले प्रसिद्ध पत्र छापले आणि पॅरिसच्या रस्त्यांवर यहुद्यांच्या मरणाच्या घोषणा होऊ लागल्या. पिसारोला एकदा अशी टोळी आडवी आली. आपण त्यांच्यामधून शांतपणे चालत गेलो, असे त्याने मुलाला कळवले. दृक्प्रत्ययवाद्यांची १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शने झाली. आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा पिसारो हा एकटाच. तरी एदगार दगासारख्या जुन्या सोबत्याने त्याच्याशी संबंध तोडले, आणि रन्वारही दुसऱ्या बाजूस गेला. त्याच १८९८ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा रूआंला गेला, नदीवर उघडणाऱ्या खिडकीशी पुन्हा बसला, आणि तोच पूल, त्याच बोटी, तीच गर्दी पुन्हा रंगवू लागला. त्या गर्दीत घोषणा देणारेही असणार. त्यांना निराळा रंग दिलेला नाही.

तो १३ नोव्हेंबर १९०३ रोजी वारला. ड्रेफ्यूस निर्दोष ठरला १९०६ साली. पूलही राहिला नाही. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा तो उडवण्यात आला. आज तेथे त्याच नावाचा पूल आहे तो युद्धानंतरचा.

टोरोंटोच्या संग्रहालयाच्या दुकानातून आम्ही त्या चित्राच्या दोन प्रती घेतल्या होत्या. एक धाकटीच्या घरी लागली. दुसरी गुंडाळी करून थोरलीने आणली आणि अशदोदच्या बाजारातील एका चौकटीवाल्याकडे नेली. तो मोरोक्कोचा म्हातारा. त्याच्याकडे तयार चौकट होती, स्वस्त होती, पण चार बोटे आखूड. त्याने पान उलटसुलट करून पाहिले आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जेथे चित्रकाराचे नाव छापले होते, तेथे नख ओढून दाखवले. एवढे कापले की झाले, म्हणाला.

आम्ही मोठी चौकट घेतली. चाळीस शेकेल जास्त पडले.